गुळाच्या कोठीतलं गाणं

कोल्हापूरला जाऊन येणारा माणूस सहसा तीन गोष्टी घेऊन परततो: चपला, गूळ आणि अंबाबाईचा फोटो. मीही तिन्ही आणल्या. चपला पहिल्याच दिवशी चावल्या, गूळ शेजारणींनी संपवला, फोटो देवघरात आहे. चौथी वस्तू मात्र माझ्याशिवाय कुणी आणली नसेल. ती एक कॅसेट आहे, आणि तिच्यापायी मी हा प्रवास लिहायला बसले आहे.

मी नागपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. पीएच.डी.साठी मी निवडलेला विषय ऐकला की लोक आधी हसतात आणि मग घाईने दुसरं काहीतरी बोलू लागतात. विषय असा: मराठेशाहीतल्या कुणबिणी आणि बटकी, म्हणजे विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या, लेकीबरोबर आंदण पाठवलेल्या बायका, आणि कायद्याने गुलामी उठल्यावर त्यांचं पुढे काय झालं. "गुलामगिरी? ती अमेरिकेत, बाई," असं मला बस कंडक्टरपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं आहे. माझे मार्गदर्शक सर निदान तसं म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

"नावं आणि किमती तुम्हाला कागदांत सापडतील," ते म्हणाले, "पण तुमच्या विषयाचा अर्धा भाग 'नंतरचं काय' हा आहे. त्याला पुरावा कुठाय? दिवाळीच्या सुटीत हिंडून या. नंतरचा एक तरी धागा हाती लागला तर विषय तुमचा. नाहीतर समितीपुढे मी तुमच्यासाठी जमीनमहसूल ठेवतो."

जमीनमहसुलाबद्दल मला आदर आहे. पण त्याच्याबरोबर पाच-सहा वर्षं संसार करायची माझी तयारी नव्हती. मी विभागात नव्याने आलेलं कॅसेटचं यंत्र मागून घेतलं, सेल भरून घेतले आणि निघाले. आणीबाणी उठल्यानंतरची ती दिवाळी होती. माणसं पुन्हा मोठ्याने बोलू लागली होती. कोल्हापुरात उतरल्यावर मला वाटलं, इथे ती कधी हळू बोललीच नसावीत.

कोल्हापूर

गाडीतली रात्र सोडून देते. सकाळी सकाळी मी गंगावेशीत उभी होते, कारण इथलं धारोष्ण दूध प्यायल्याशिवाय कोल्हापूर पाहिलं असं म्हणायचं नाही, अशी मला ताकीद होती. रस्त्याच्या कडेला म्हशी ओळीने उभ्या. गिऱ्हाईक पेला घेऊन समोर, आणि धार थेट पेल्यात. आमच्याकडे दूध बाटलीतून किंवा बरणीतून येतं, म्हशीशी ओळख होत नाही. इथे म्हैस तोंड वळवून आपण पितो की नाही ते बघते. फेस ओठाला लागलेल्या अवस्थेत मी म्हशीच्या मालकाला विचारलं, दुसरा पेला मिळेल का?

"पेवा की! पावणं लाजाय लागलं तर म्हस लाथ मारती," तो म्हणाला. मी तीन पेले प्यायले.

मग दप्तरखाना. परवानगीचा कागद आधीच मिळवला होता. तिथले एक वयस्क कारकून मोडी वाचण्यात पटाईत. मी चाचरत सुरुवात केली. स्त्रियांविषयी, जुन्या काळच्या सेवेतल्या स्त्रियांविषयी, असं बरंच गुळमुळीत बोलले. त्यांनी चष्मा वर केला.

"कुणबिणी म्हंता व्हय? मंग तसं म्हणा की, घसा साफ करून! हायत. घोडी, म्हशी, कुणबिणी, समदं एका पानावर हाय. कुठलं आधी काढू?"

पुढचे दोन दिवस मी त्या पानांत बुडाले. अंगावर काटा येण्यासारखं होतं, आणि आनंदही होत होता, हे लपवत नाही. संशोधकाला भरलेलं दप्तर दिसलं की भूक लागते. विषय सापडत नाही म्हणून तीच ती लढाई पुन्हा लढणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी इथून हाक मारते: या. कुणबिणीला विकत कोण घेत होतं, तिच्या मुलांवर हक्क कुणाचा, म्हातारपणी तिला सोडत तेव्हा ती कुठे जात होती, वेठीला धरलेल्या माणसांचं आणि तिचं नातं काय, यातल्या एकेका प्रश्नावर एकेकाने आयुष्य घालवावं एवढं इथे पडून आहे. गर्दी अजिबात नाही.

पण सरांचा प्रश्न जागच्या जागी होता. पानांवर बाई विकली जायची, कामाला लागायची, आणि पान संपायचं. पुढे काय झालं ते कागद सांगत नव्हते. कारकुनांना विचारलं तर त्यांनी दप्तराची गाठ मारत सांगितलं, "फुडचं कागदात न्हाय. फुडचं घरात."

मुरगूडजवळचं गाव

घर माझ्याजवळ एक होतं. आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेचे मावसभाऊ, बापूसाहेब, मुरगूडजवळ एका गावात राहतात. एके काळी इनामदारी असलेलं घराणं. आता ऊस, म्हशी, साखर कारखान्याचे शेअर आणि ग्रामपंचायत. माणूस माझ्याच वयाचा, धिप्पाड, आवाज चावडीतून शेतापर्यंत पोचणारा. एस.टी. थांब्यावर त्यांनी माझी पिशवी एका हातात आणि यंत्राची पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"ताई, तुमचा इषय मावशीच्या लेकीनं लिवलाय मला. बरं झालं आलासा. पर आधीच सांगतो, गुलाम-बिलाम आमच्यात कवा नव्हतं. आमच्या वाडवडलांनी गड्याला बी ताटावर बसवून जेवू घातलंय. त्ये सोडून काय बी इचारा."

"बरं," मी म्हटलं. भाकरी खायच्या आधी यजमानाशी भांडू नये, एवढं मला कळतं.

घरात तीनच माणसं. बापूसाहेब, त्यांची आई आणि बायको सुनंदा. आईंना सारा गाव अक्का म्हणतो. सत्तरीच्या, बारीक, ताठ, कपाळावर गोंदण, तोंडात मिश्री. सुनंदा निपाणीकडची. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पहिलटकरीण, पाचवा महिना. ती सासूला कानडी वळणाने "आत्ती" म्हणते. अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नागपूरची व्हय? तिकडं संत्री खाऊन दिवस काढतासा जणू. वाळलीयास पोरी. बस."

इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना "मी आलो", "मी गेलतो" म्हणतात. पहिल्या दिवशी मला सारखं वाटायचं की पडद्यामागे कुणी पुरुष बोलतोय. दुसऱ्या दिवशी मला त्याचा हेवा वाटू लागला. ताटात भाकरी, ठेचलेल्या मिरच्यांचा खर्डा, वर कच्चं तेल. आम्हा नागपूरकरांना तिखटाचा गर्व असतो, आणि तो गर्व मी शेवटच्या घासापर्यंत टिकवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते प्रवासाच्या धुळीवर ढकललं.

जेवताना एक गंमत ध्यानात आली. सुनंदा वाढता वाढता मागच्या कोठीत गेली, आणि दाराशी जाताच तिने गाणं सुरू केलं. ओवीच होती, लक्ष्मी सोन्याच्या पावलांनी घरात आली अशा अर्थाची. आत डबे वाजत होते, गाणं चालू होतं. ती बाहेर आली आणि ओवी अर्ध्यावर तोडून म्हणाली, "अजून गूळ घ्या की, ताई."

मला फार आवडलं. आमच्याकडे जात्यावरची गाणी पिठाच्या गिरणीने केव्हाच बंद केली, आणि इथे गूळ आणायला जातानाही बाई गाते! मी ते कौतुकाने वहीत टिपून ठेवलं. बापूसाहेब खूश होऊन म्हणाले, "आमच्यात रीतच हाय. कोठीत मुक्यानं जाऊ नये, लक्षुमी जाती."

गुऱ्हाळ

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी मला गुऱ्हाळावर नेलं. हंगाम नुकताच सुरू झाला होता. मोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि वासाने भूक चाळवत होती. गरम काकवी, वर शेंगदाणे, पळसाच्या पानावर. मी एका हातात पान आणि दुसऱ्या हातात यंत्र धरून गूळ करणाऱ्या गुळव्याची मुलाखत घेऊ लागले. व्हायचं तेच झालं. काकवीचा ओघळ थेट यंत्राच्या बटणांवर.

पदराने पुसलं, ओल्या फडक्याने पुसलं. यंत्र चालू राहिलं, पण रेकॉर्डिंगचं बटण एकदा दाबलं की चिकटून बसायचं आणि मग अंगठ्याचा सगळा जोर लावल्याशिवाय वर यायचं नाही. विभागप्रमुखांना काय सांगायचं याची मी मनात तयारी करत होते, तर बापूसाहेब पोट धरून हसत होते. "ताई, आता त्येच्यातनं निगंल त्यो आवाज गोडच निगंल की!"

परत आलो तेव्हा सुनंदा अंगणात शेंगा फोडत होती. मी तिच्याजवळ बसले. तिला विचारलं, डोहाळे काय लागलेत?

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "गूळ. ढेप फोडली की वास येतो, आनि तोंडाला पाणी सुटतं."

"मग खायचा की! घरात ढेपांच्या राशी आहेत."

"दिवसातनं चारदा जातो की कोठीत. पन गानं म्हनत खायचं कसं, ताई?" ती हसली. "आनि बाहेर आल्यावर मागायची लाज वाटती."

मी शेंग हातात धरून तशीच बसले. गाणं म्हणत खाता येत नाही. गाणं कोठीच्या उंबऱ्यावर सुरू होतं आणि उंबऱ्यावरच थांबतं. सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसलेल्या माणसाला ते सारखं ऐकू येत राहतं, आणि ते ऐकू येतंय तोवर आतल्या बाईचं तोंड रिकामं आहे, हे त्याला न उठता कळतं. लक्ष्मीचा यात काय संबंध? हा पहारा होता. आणि असा पहारा आपण घरच्या सुनेसाठी शोधून काढत नाही. तो आधी दुसऱ्या कुणासाठी तरी असला पाहिजे.

दप्तरात पान संपलं होतं, त्याच्या पुढचं मला ऐकू आलं होतं. पण हे माझं अनुमान होतं, आणि सर अनुमानावर पाणी ओततात. कुणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं.

सोप्यावर

तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली. अक्का सोप्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, बापूसाहेब पान लावत होते. मी यंत्र पुढे ठेवलं आणि सरळ विचारलं. दप्तरातल्या कारकुनांनी शिकवलं होतं तसं, घसा साफ करून.

"अक्का, कोठीत गात जायची रीत कुणबिणींची का?"

बापूसाहेबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. चेहरा लालबुंद. "ताई, पावणं म्हणून आलासा, जेवलासा, आनि आमच्याच घराण्याला नावं ठेवतासा? मी पैल्याच दिशी सांगितलंय. तसलं आमच्यात नव्हतं!"

मला वाटलं, आता संध्याकाळच्या एस.टी.त आपण आणि जमीनमहसूल शेजारी शेजारी बसणार.

"बापू, गप," अक्का म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "तुला काय ठावं? तू कोठीत गेलाईस कवा?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "ते बटण दाब तुझं. एकदाच सांगतो."

मी दाबलं. अक्कांनी सांगितलं ते असं. त्यांच्या सासूबाई या घरात सून म्हणून आल्या तेव्हा गोठ्यात एक म्हातारी होती. तिला काशी म्हणत. विकत आणलेल्यांतली ती शेवटची. काशी हे नाव तिला विकत घेणाऱ्याने ठेवलेलं, आईबापाने ठेवलेलं तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"कायदा झालता म्हंत्यात. पर गोठ्यात कोन सांगाय आलतं? आनि सांगितलं असतं तरी ती जानार कुठं? ऱ्हायली. कांडायची, सारवायची, कोठीतनं सामान काडायची. आत गेली की गायाचं. गानं थांबलं की सोप्यावरनं हाक यायची, 'काशे, तोंडात काय?' म्हातारी झाली तरी तसंच. मंग ती मेली. कोठीत जायला आता कोन? सून. सासूला सांगितलं तिच्या सासूनं, 'गात जा.' मला सांगितलं सासूनं. हिला सांगितलं मी."

"आणि लक्ष्मी?"

"लाज वाटायची की, पोरी! सुनंला कसं सांगायचं, तू काशीच्या जागंवर हाईस म्हनून? म्हनून लक्षुमीचं नाव लावलं. ओवी बी बदलली. काशीची ओवी येगळी हुती."

"तुम्हाला येते?"

अक्कांनी मिश्रीची डबी बाजूला ठेवली आणि भिंतीकडे बघत, न लाजता, फुटक्या पण खणखणीत आवाजात म्हटली:

*आत मी कोठीयेत, बाहेर माझा गळा
ऐक गं बाईसाब, गूळ तुझा गं सगळा*

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. गोठ्यातल्या त्या म्हातारीने आपला सगळा इतिहास दोन ओळींत ठेवला होता, आणि तिच्यामागून आलेल्या सुनांनी तो गळ्यात सांभाळला होता.

"बापूच्या येळंला," अक्का पुढे म्हणाल्या, "मला बी गूळ खावासा वाटायचा. भारी वाटायचा. मी गात गेलो आनि गात आलो. बापू, तुझ्या वाटनीचा गूळ कोठीतच ऱ्हायला बघ."

बापूसाहेब उठले. पायात वहाणा न घालताच अंगणात गेले आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "ताई, लिवा. घराण्याचं नाव नगा घालू, पर काशीचं घाला." मी दोन्ही गोष्टी कबूल केल्या आणि दोन्ही पाळल्या आहेत.

कोठी

मला आता फक्त एकच हवं होतं. अक्कांच्या तोंडची हकिकत मिळाली होती, पण चालती रीत जागेवर टिपायची होती: दार, उंबरा, डब्यांचा आवाज आणि आतून येणारं गाणं. नंतरचं काय, असं विचारणाऱ्या सरांना मी सांगणार होते, हे घ्या, अजून चालू आहे. कालच सकाळी, माझ्यासमोर.

निघायच्या दिवशी सकाळी मी यंत्र कोठीच्या दाराशी ठेवलं आणि बटण दाबलं. सुनंदा वेताची बुट्टी घेऊन आली. उंबऱ्याजवळ तिने पदर सारखा केला, तोंड उघडलं.

"थांब गं," सोप्यावरून अक्का म्हणाल्या.

ती थांबली.

"आजपासनं मुक्यानं जा."

"आत्ती?"

"मुक्यानं जा म्हनलं की. आनि ढेप फोड, आनि उबं ऱ्हाऊन खा. पोट भरंपतूर भाईर येऊ नगंस."

आता माझी गोष्ट सांगते. माझ्यातल्या बाईला त्या क्षणी अक्कांच्या पाया पडावंसं वाटलं. माझ्यातली संशोधक मात्र किंचाळली, अक्षरशः. "अक्का! आजचा एक दिवस! मला रेकॉर्ड करायचं होतं!"

अक्कांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी जिथे होते तिथे खाली बसले.

"तू इचारलंस म्हनूनच की, पोरी," त्या म्हणाल्या. "तुला सांगून झाल्यावर हिला परत गायला कसं लावू?"

माझा पुरावा माझ्या प्रश्नानेच संपला होता. सुनंदा आत गेली. मी यंत्र बंद करायला अंगठा लावला, तर बटण चिकटलेलं. जोर लावला, हलेना. दिलं सोडून.

नागपूर

समितीपुढे मी रीतसर बोलले. दप्तरातली पानं मांडली, मग अक्कांची हकिकत ऐकवली, काशीची ओवी ऐकवली. मग एक परीक्षक खाकरून म्हणाले, ओवी चांगली आहे, पण जुनी आठवण आहे. हे आजपर्यंत चालत आलं होतं याला काय आधार?

"तो आता मिळणार नाही," मी म्हटलं. "मी असताना ते बंद झालं. बंद होतानाचा आवाज मात्र माझ्याजवळ आहे."

मी कॅसेट पुढे नेली. अक्कांचं "थांब गं" आलं. "मुक्यानं जा" आलं. माझी किंचाळीही आली, ती मी पुसली नव्हती. मग दाराचा करकर आवाज. डब्याचं झाकण. काहीतरी जड ठेचल्याचा आवाज, एकदा, दोनदा. आणि मग कोठीत कुणीच गात नव्हतं. बारीक, कुडुम कुडुम, ओला आवाज तेवढा येत होता. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मध्येच एक छोटासा हुंकार. कुणाला घाई नव्हती.

सरांनी चष्मा काढला. "हा कसला आवाज आहे, बाई?"

"गूळ खाल्ल्याचा, सर."

मग माझ्या अर्जावर, जिथे जमीनमहसूल लिहायला जागा मोकळी ठेवली होती तिथे, त्यांनी माझा विषय स्वतःच्या हाताने लिहिला आणि पेन मिटलं.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.